कवंडळ हातात घ्या आणि सुरू करा

प्रश्न : मी गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतो, वीज खात्यात लाइनमन आहे. चवथीच्या माटोळीसाठी रानातली फळं, शेंगा, वेली ओळखायच्या आणि जमवायच्या, हा माझा छंद. श्रावणात गावच्या वाचनालयाने यावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. जत्रेच्या नाटकात मी कामं करतो, तोंडाला रंग लागला की भीती जाते. पण स्वतः म्हणून उभं राहायचं म्हटलं की हातपाय गळतात. त्यात घरी कोकणी, मराठीत अडखळलो तर? भाषण लिहून पाठ करू का? आणि बायकोला पहिल्या रांगेत बसवू का?

उत्तर : तिसरी घंटा होते तेव्हा विंगेत तुमच्या पोटात गोळा येतोच ना? घसा कोरडा पडतो, हात गार होतात. भाषणाच्या वेळी होतं ते याहून वेगळं काही नाही. नाटकात मात्र वाक्यं लेखकाची असतात आणि अडलात तर प्रॉम्प्टर असतो. वाचनालयात तुम्हाला खरी उणीव भासते आहे ती प्रॉम्प्टरची, धैर्याची नव्हे. तेव्हा प्रॉम्प्टर घेऊनच जा. टेबलावर मांडून ठेवा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड (म्हणजे घड), सुपारीचा घोस, केळी, चिबूड, आंबाडे आणि रानातलं काय काय बांधतात. चवथीच्या आधी म्हापसा, फोंडा, डिचोलीला माटोळीचा बाजार भरतो, त्या दिवसांत रस्त्यावरून चालायला जागा नसते.

आता तुमचे पंधरा मिनिट. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात, म्हणजे एकूण दीड हजाराच्या आसपास. एवढे शब्द पाठ करायच्या भानगडीत पडू नका. एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं रांगेने निसटतं. तोंडपाठ हवीत ती पहिली दोन वाक्यं, कारण सर्वात वाईट वेळ तीच. बाकीचं वस्तूंवर सोपवा. सहाच वस्तू न्या, तीस नकोत. तुमच्याकडे तीस असतील आणि मोह होईल, पण आवरा.

मांडणी माटोळी बांधताना करता त्याच क्रमाने करा. आधी केवणीची, म्हणजे रानातल्या त्या झुडपाची साल, ती कशी सोलायची आणि बांधायला तीच का घेता ते. मग जड जिन्नस, मग घागऱ्यांच्या शेंगांसारखं हलकं. फक्त कवंडळ, म्हणजे रानवेलीचं ते फळ, क्रम मोडून सगळ्यात आधी उचला. तो लालभडक गोळा वर धरलात की मागच्या बाकावरचाही मान वर करतो. कापून आतला काळपट-हिरवा गरही दाखवा. आणि न विसरता सांगा की हे खायचं नाही, विषारी आहे. पुढे मुलं बसलेली असणार. ‘व्यासपीठावर उपस्थित मान्यवर’ वगैरे नामावळी सूत्रसंचालकाने म्हटलेली असते. तुम्ही पुन्हा म्हणू नका, मान्यवरांनाही कंटाळा येतो हो.

मराठीची धास्ती सोडा. गोव्यात निम्मं सभागृह घरी कोकणीच बोलतं. फळांची नावं तुमच्या वाड्यावर म्हणतात तीच ठेवा. एखादी आजी मधेच म्हणेल, ‘आमच्याकडे याला दुसरंच म्हणतात.’ तिला बोलू द्या, नाव विचारून घ्या. तेवढीच दोन मिनिटं तुम्हाला श्वास घ्यायला. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणा. रानात हे कुठे मिळतं असं कुणी ना कुणी विचारणारच. तेव्हा सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यातून काही तोडून आणायला कायद्याने मनाई आहे, हे स्पष्ट सांगा. अभयारण्य 1999 सालचं आहे, तरी पुष्कळांच्या ते गावी नसतं.

एक गोष्ट आयोजकांना आधीच सांगा : माइक स्टँडवर हवा. एका हातात कवंडळ, दुसऱ्यात सुरी, मग माइक कुठे धरणार? तो कर्ण्याच्या समोर येऊ देऊ नका, किंचाळायला लागेल. आणि घड्याळ लावून, मोठ्याने, फळं हातात घेऊन घरी सराव करा. मनातल्या मनात केलेला सराव नेहमीच वेळेच्या आत संपतो.

बायकोला पहिल्या रांगेत नको. ती तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेली असेल आणि तुमची नजर तिच्याच चेहऱ्यावर जाईल. तिला टेबलापाशी उभी करा, पुढची वस्तू हातात द्यायला. तोरंजनावर, लिंबाच्या जातीच्या त्या मोठ्या गोल फळावर, तर कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं, नाहीतर ते गडगडत थेट अध्यक्षांच्या पायाशी जायचं.