वाचक विचारतात : बोर्डगेमच्या कन्व्हेन्शनला जायचंय, पण...

मागच्या अंकात मी मुंबईच्या दोन दिवसांच्या बोर्डगेम कन्व्हेन्शनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे एका मोठ्या हॉलमधे शनिवार-रविवार शेकडो माणसं टेबलांभोवती बसून पट, पत्ते, फासे घेऊन खेळतात एवढंच सांगितलं होतं. त्यावर आपल्या भागातून बरेच मेसेज आले. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : ताई, मी लातूरचा, वय 22. आम्ही तीन रूममेट कॅटन नावाचा बोर्डगेम खेळतो, ऑनलाइन मागवलेला. मला कन्व्हेन्शनला जायचंय पण दोघं यायला तयार नाहीत. एकटा जाऊन काय करू? आणि तिथं सगळे इंग्लिशमधेच बोलत असतील, मला वाचता येतं पण बोलताना अडकतो. लाज वाटते.

एकटा जा. मी हे उगं धीर द्यायला म्हणत नाही, खरंच एकटं जाणाऱ्याला जास्त खेळायला मिळतं. चौघांचा ग्रुप आला की तो एकाच टेबलावर दिवसभर बसून राहतो, घरी खेळतो तेच तिथं खेळतो. एकटा माणूस कुठंही मावतो, कारण प्रत्येक टेबलाला कुठल्या ना कुठल्या वेळी एक भिडू कमी असतोच.

कसं असतं सांगते. आत गेल्यावर एका बाजूला गेम लायब्ररी असते, तिथं बहुतेक ठिकाणी ओळखपत्र ठेवून खेळाचा डबा घेता येतो, खेळून झालं की परत. दुसऱ्या बाजूला डेमोची टेबलं, तिथं व्हॉलंटियर उभे असतात आणि त्यांचं कामच खेळ शिकवायचं असतं. तू फक्त जाऊन म्हणायचं "मी नवीन आहे, शिकवाल का?" आणि हे मराठीत म्हण. मुंबईतल्या हॉलमधे मराठी समजणारं कुणी ना कुणी असतंच. मी पहिल्या वेळी सकाळचा एक तास भिंतीला टेकून नुसती बघत उभी होते, इंग्लिशमधलं वाक्य मनात जुळवत. शेवटी एका पोरानं विचारलं "काकू, बसताय का?" आणि त्यानं अझुल नावाचा अख्खा खेळ मराठीत समजावला, कोल्हापूरकडचा होता तो. तो तास वाया गेला याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुला सांगते.

आणि भाषेचं म्हणशील तर खेळ निवडतानाच सोय बघायची. अझुल 2017 चा, त्यात रंगीत फरशा उचलून आपल्या पाटीवर मांडायच्या, वाचायचं काही नाही. कार्कासोन 2000 सालचा, त्यातही नुसते नकाशाचे तुकडे जोडत रस्ते नि गावं तयार करायची, आणि आपली छोटी लाकडी माणसं त्यावर ठेवायची, त्यांना मीपल म्हणतात, हा शब्द तिथं दिवसभर कानावर पडेल. टिकट टू राइडमधे रेल्वेचे मार्ग धरायचे, गावांची नावं वाचता आली की झालं. कोडनेम्स मात्र पहिल्या दिवशी टाळ, तो सगळा इंग्लिश शब्दांवर चालतो. त्यात 25 शब्द मांडायचे आणि एका शब्दाच्या इशाऱ्यावरून आपल्या टीमनं आपले शब्द ओळखायचे असा खेळ आहे. घरी आल्यावर 25 चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहून खेळून बघा रूमवर, पाटी, वाडा, भाकर, टँकर असले शब्द घेतले की जी मजा येती ती डब्यातल्या शब्दांनी येत नाही.

एकच गोष्ट जपायची, अर्ध्यातून उठायचं नाही. डब्यावर वेळ लिहिलेला असतो, त्यात नियम समजून घ्यायचा अर्धा तास वेगळा धर, आणि गाडी पकडायची असेल तर नवा खेळ सुरूच करू नको. मी एकदा रात्रभर प्रवास करून गेलेले, झोप नाही, नि दुपारी तीन-चार तासांच्या मोठ्या खेळाला बसले, मधेच डोकं चालेना म्हणून उठावं लागलं. बाकी तिघांचा डाव मोडला. ते काही बोलले नाहीत पण त्यांचे चेहरे मला आठवतात. तेव्हा रात्रीच्या लातूर-मुंबईनं जाणार असशील तर सकाळी आधी अंघोळ, नाष्टा, मग हॉल. धपाटे-चटणी सोबत ने, पण खाऊन हात धुतल्याशिवाय कार्डांना हात लावू नको, तेलाचा डाग लागला की ते कार्ड उलटं असलं तरी सगळ्यांना ओळखू येतं आणि खेळच बाद होतो. पाण्याची बाटली टेबलावर नाही, खाली पायाशी.

प्रश्न : आम्ही बीडचे. मुलगी दहावीत, तिला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्टीचा खेळ खेळायचाय, ते कन्व्हेन्शनमधे शिकवतात म्हणे. सासरे म्हणतात फासे टाकायचे म्हणजे जुगार, पोरीच्या जातीला शोभत नाही. त्यांना काय सांगू?

आधी एक, मामंजींच्या मनात जे आहे ते कुठून आलंय ते आपल्याला माहितीच आहे. महाभारतातलं द्यूत लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं, शिवाय गावात पत्त्यांच्या क्लबपायी वावर विकलेली घरं सगळ्यांनी बघितलीत. तेव्हा त्यांना जुनाट म्हणून उडवून लावू नका, त्यांची भीती खरी आहे, फक्त ती पैशाची आहे, फाशाची नाही. या खेळात पैसा लावतच नाहीत.

आणि जमलं तर त्यांना एकदा वेरूळला घेऊन जा. कैलास बघून लोक परत फिरतात, तुम्ही 21 नंबरच्या लेणीत जा, नाहीतर 29 मधे. तिथं शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत. पार्वती खेळतीय, शंकराला हरवतीय, अजून एक डाव म्हणून तो मागं लागलाय असं सांगतात, आणि 21 मधे तर खाली गण नंदीला सतावतायत, अगदी आपल्या घरात मोठे खेळायला बसले की लेकरं जे करतात ते. पोरीच्या जातीला शोभत नाही म्हणणाऱ्यांनी तो दगड जरूर बघावा. आपल्या आपेगावच्या ज्ञानेश्वर माउलींशी परंपरेनं मोक्षपट जोडलेला आहे, तोही पटावरचाच खेळ, साप नि शिड्यांचा. म्हणजे पटावर बसणं हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही.

आता मुलीच्या खेळाचं. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र, आणि एक जण डंजन मास्टर, तो गोष्ट सांगतो, "समोर पडका बुरूज आहे, आतून उजेड दिसतोय, काय करता?" मग ज्याचं त्यानं ठरवायचं. काही अवघड करायचं असेल, समजा भिंत चढायची, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मोठा आला तर जमलं. बास. खरं म्हणजे आजीनं रात्री गोष्ट सांगावी आणि नातवंडांनी मधेच "मग मी तलवार काढली" म्हणावं असा प्रकार आहे. माझ्या टेबलावर एक मुलगी होती, तुमच्या लेकीएवढीच, पहिला तासभर तोंडातून शब्द नाही, आणि शेवटच्या लढाईत तिनंच राक्षसाशी बोलून तह केला, कुणाला सुचलंच नव्हतं. तिची आई मागं खुर्चीवर बसून होती, तिचे डोळे भरून आले.

तुम्हीही तसंच करा, सोबत जा, मागं बसा. आयोजकांना आधी फोन करून वयाची अट विचारा आणि नवख्यांसाठीचं टेबल मागा, काही टेबलांवरच्या कथा मोठ्यांसाठीच्या असतात. या टेबलांच्या जागा पाच-सहाच असतात आणि एक डाव तीन-चार तास चालतो, म्हणून नाव आधीच नोंदवायचं, तिथं जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : परभणीहून विचारतोय. तिथं किती गेम विकत घ्यावेत? बजेट पाच हजार.

शनिवारी एकही नाही. स्टॉलवर डबे फार देखणे मांडलेले असतात, हात शिवशिवतो, पण खेळल्याशिवाय घ्यायचं नाही. रविवारी दुपारी ठरवा, आणि आपल्या घरात कोण बसणार आहे ते डोळ्यापुढं आणून ठरवा. बायको-लेकरं हरल्यावर रुसत असतील तर पॅन्डेमिकसारखा सगळ्यांनी मिळून खेळायचा बघा, त्यात चार रोग आटोक्यात आणायचे असतात आणि जिंकलं तर सगळे, हरलं तर सगळे. एक घ्या, उरलेल्या पैशात येण्याजाण्याचं नि जेवणाचं भागवा. हां, एका कोपऱ्यात नवे डिझायनर हातानं बनवलेले, अजून न छापलेले खेळ घेऊन बसलेले असतात, तिथं एक डाव जरूर द्या, फुकट असतं आणि खेळून झाल्यावर ते तुम्हाला विचारतात काय आवडलं नाही, ते खरं सांगा, त्यांना त्याचीच गरज असते.

प्रश्न : आम्ही नांदेडचे आठ-दहा जण दर रविवारी खेळतो. दरवेळी मुंबई-पुण्यालाच का जायचं? आपल्याकडं होऊ शकत नाही का?

होऊ शकतं, आणि तुम्हीच करा. जगातलं इतकं गाजलेलं खेळांचं कन्व्हेन्शन जेनकॉन, ते 1968 साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात सुरू झालं. वर सांगितलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्या गायगॅक्सनं आदल्या वर्षी घरी मित्र जमवले होते, घर पुरेना म्हणून गावातला एक हॉल 50 डॉलरला भाड्यानं घेतला आणि शंभरेक माणसं आली. महानगर नव्हतं. तुमच्याकडं आठ-दहा जण आत्ताच आहेत.

माझं डोकं मंगल कार्यालयावर अडकलंय. चातुर्मासात लग्नं नसतात, कार्यालयं रिकामी, भाडं कमी, खुर्च्या-टेबलं-पंखे-जेवणाची पंगत सगळं तयार. खरिपाच्या पेरण्या उरकून खुरपणीही होत आलेली असते तेव्हाचा एखादा शनिवार-रविवार धरा, म्हणजे गावाकडच्या पोरांनाही येता येईल. इन्व्हर्टर आहे का ते आधी बघा, लाइट गेली की कार्डं दिसत नाहीत. खेळ दहा-बारा पुरेत पण प्रत्येक खेळाला एक शिकवणारा पक्का पाहिजे, आणि त्यानं तो खेळ आधी तीन-चारदा दुसऱ्या कुणाला तरी शिकवलेला पाहिजे, खेळता येणं वेगळं नि शिकवता येणं वेगळं. दोन टेबलं सारीपाट नि नवकंकरी या आपल्या जुन्या पटावरच्या खेळांना ठेवा, तिथं आजोबा-आजींना शिकवायला बसवा, बीडच्या ताईंच्या मामंजींनाही बोलवा.

तारीख ठरली की कळवा. मी संभाजीनगरहून पहाटेच्या देवगिरी एक्स्प्रेसनं येते, अझुल आणि कार्कासोन माझ्याकडून, दोन्ही शिकवायला मीच बसेन.