अडीच वर्षांची मुलगी मनासारखं झालं नाही की मारते, चावते, दुकानात लोळण घेते. आजी म्हणतात, एक धपाटा द्या. काय करावं?

धपाटा नको. तेवढ्यापुरती ती गप्प बसेल, पण राग आला की हात उचलायचा हेच पक्कं होईल. दीड ते तीन वर्षांत चावणं-मारणं बऱ्याच मुलांत दिसतं. राग मोठ्यांइतकाच येतो, शब्द मात्र तोकडे असतात.

तिने हात उगारला की लांबून ओरडू नका. जवळ जा, उकिडवं बसा, हात मध्येच अडवा आणि एवढंच म्हणा: ‘मारायचं नाही. तुला बॉल हवा होता, राग आला.’ बस्स. यापुढे जे प्रवचन सुरू होतं ते रडण्याच्या भरात तिच्या डोक्यात शिरत नाही. ‘का मारलंस?’ याचं उत्तरही तिच्याकडे नसतं. आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्या, मग तिच्याकडे वळा. ‘सॉरी म्हण’ची सक्ती करण्यापेक्षा त्याच्यासाठी ओला रुमाल आणायला लावा.

शब्द शिकवायचे ते ती खुशीत असताना. रोज पाच-दहा मिनिटं खेळण्यांचा खेळ: माकडाने सशाचा चेंडू ओढला, आता ससा काय म्हणेल? ‘माझं आहे’, ‘नको’, ‘नंतर देते’, ‘आई, ये’. सुरुवातीला एवढे चार पुरेत.

‘शेअर कर’ हा आग्रह या वयात जवळजवळ फुकट. ‘पाच मिनिटांनी’ही तिला कळत नाही; ‘दहा झोके, मग दादाचा नंबर’ कळतं, फक्त मोठ्याने मोजा. पाहुण्यांची मुलं येणार असतील तर तिची दोन लाडकी खेळणी आधीच कपाटात ठेवा.

लोळण घेण्यामागे पुष्कळदा भूक नाहीतर झोप असते, म्हणून दुकानात नेताना वेळ बघा. आणि मोबाइल द्यायचाच असेल तर मागितल्या मागितल्या द्या. दहा मिनिटं रडल्यावर दिलात तर पुढच्या वेळी ती दहा मिनिटं रडणारच. द्यायचाच नाही असं ठरवलंत तर पहिले काही दिवस रडणं वाढतं, आणि घरचे नेमके तिथेच विरघळतात.

आजींशी वाद घालू नका, एकच गोष्ट सांगा. ती पडली की आपण ‘हात रे’ करत फरशीला चापट मारतो ना? दुखलं की कुणाला तरी मारायचं, हे तिथेच शिकवलं जातं. त्याऐवजी ‘कुठे लागलं? फुंकर घालू?’ फुंकर घालण्यात आज्यांचा हात कोण धरणार!

मात्र ती अजून दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला वळून बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा रागात स्वतःला इजा करून घेत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला कधी येणार ते ताईंना विचारून ठेवा. गरज वाटली तर ते जिल्ह्याच्या ‘डीईआयसी’ केंद्रात (मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र) पाठवतात, तिथे उपचार मोफत असतात.