पाठभेद

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला आला. युवा आघाडीचा शहर सरचिटणीस झालास, त्याचं अभिनंदन मागाहून करतो. आधी तू विचारलंस त्याबद्दल. त्या वादातल्या पुस्तकाच्या लेखकाचं शनिवारी व्याख्यान आहे, तिथे वीस-पंचवीस पोरं घेऊन जायचं, घोषणा द्यायच्या, माईक काढून घ्यायचा आणि एवढ्यावर भागलं नाही तर शाई. "वरून फोन आलाय." आणि त्याखाली: "काका, पुस्तक मी वाचलेलं नाही, पण भावना दुखावल्यात हे खरं."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय. तेव्हा मी साप्ताहिक चालवत होतो.

५ जानेवारी २००४. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात दीडशेच्या आसपास लोकांचा जमाव घुसला. कपाटं पाडली, पोथ्या-पुस्तकं भिरकावली, तसबिरी फोडल्या. निमित्त होतं एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं. त्यातला जिजाऊंविषयीचा मजकूर संताप यावा असाच होता, हे मी आजही म्हणतो. पण प्रकाशकाने ते पुस्तक नोव्हेंबर २००३ मध्येच भारतातल्या बाजारातून मागे घेतलं होतं. मग भांडारकर का? तर लेखकाने पुस्तकात संस्थेचे आणि तिथल्या अभ्यासकांचे आभार मानले होते, म्हणून. आधीच्याच महिन्यात याच पुस्तकावरून संस्कृतच्या एका विद्वानाच्या तोंडाला काळंही फासून झालं होतं. काळं फासणारे वेगळे, संस्थेत घुसणारे वेगळे. झेंडेसुद्धा एक नव्हते. काळं फासणाऱ्यांच्या एका मोठ्या नेत्याने नंतर त्या विद्वानाची माफी मागितली, हेही सांगायला हवं.

आता ज्या इमारतीत हे घडलं तिथे काम काय चालतं ते ऐक. १९१९ साली तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या बाराशेहून अधिक पोथ्या जमवल्या. ओळ ओळ ताडून पाहायची, सर्वांत जुना वाटेल तो पाठ, म्हणजे त्या ओळीचं शब्दरूप, वर छापायचा. आणि जे पाठ निवडले नाहीत त्यांचं काय? ते फेकले नाहीत. त्याच पानावर खाली, बारीक टायपात, कुठल्या पोथीत काय आहे ते नोंदवलं. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली वारले, तरी काम थांबलं नाही. १९६६ साली पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. ज्याचं म्हणणं आपल्याला पटलं नाही, त्यालाही पानावर जागा ठेवायची, अशी शिस्त पाळणाऱ्या घरात आपली माणसं दगड घेऊन शिरली.

"आपली" मुद्दाम लिहिलं. त्या जमावाचा राग मला माझा वाटत होता. शिकल्या-सवरलेल्यांच्या एका वर्तुळाने इतिहास आपल्या ताब्यात ठेवला, ही तक्रार माझीही होती, आजही थोडी आहे. म्हणून त्या आठवड्यात माझ्या साप्ताहिकाचा अग्रलेख कशावर होता? उसाच्या दरावर. दर महत्त्वाचाच होता, पण मी त्याच्या आड लपलो. दोन महिन्यांनी दुसऱ्या रंगाचे गमछे घातलेली पोरं एक लेख मागे घ्या म्हणून माझ्याच टेबलासमोर उभी राहिली. मी तोंड उघडलं, तर त्यातला एक म्हणाला, "पुण्याच्या वेळी कुठं होता?" पोरगा उद्धट होता, प्रश्न बरोबर होता.

विरोधकांच्या दांडगाईवर तू खरमरीत लिहितोस, तुझे स्टेटस मी वाचतो. ते सोपं आहे रे. टाळ्या आपल्याच लोकांच्या मिळतात. आपल्या बाजूच्या चुकीला पहिल्या दिवशी, बैठकीतच, "हे नको" म्हणणं अवघड. तिथे पद जातं. आणि हा रोग कालचा नाही. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा त्याच मंडपात न्यायमूर्ती रानड्यांची समाजसुधारणेसाठीची सामाजिक परिषद नको म्हणून इतकं रान उठलं, की मंडप जाळायच्या धमक्या आल्या. रानड्यांनी मंडपाचा हट्ट सोडला आणि परिषद दुसरीकडे भरवली. धमकी देणारेही काही परके नव्हते, गावातलेच सुशिक्षित.

एक व्यवहाराची गोष्ट. "वरून" ज्याचा फोन आला, तो शनिवारी येणार आहे का, विचार. येणार नाही. बेकायदा जमावाचा गुन्हा तुझ्या आणि तुझ्या पोरांच्या नावावर दाखल होईल. मग तारखा. उद्या भरतीसाठी चारित्र्य पडताळणी आली की तो कागद वर येतो. आमच्या भागात एक जण आहे. ऐन पंचविशीत भाऊंच्या आदेशावरून एक सभा उधळली, आता मुलीच्या लग्नाच्या खरेदीतून वेळ काढून कोर्टात जातो. भाऊ मधल्या काळात दोनदा पक्ष बदलून आले.

तेव्हा शनिवारी जा, जरूर जा. शाई घेऊन नाही, वही घेऊन. पुस्तक माझ्याकडे आहे, समासात माझ्या शिव्या आहेत, त्याकडे दुर्लक्ष कर. दोनशे दहा पानं आहेत, दोन रात्रींत होतील. तिसरं प्रकरण मला साफ चुकीचं वाटतं. तिथे त्याने एकाच बखरीवर सगळा डोलारा उभा केलाय. तिथेच त्याला धर. प्रश्न लिहून ने, म्हणजे उभं राहिल्यावर आवाज चढणार नाही. माझा अजून चढतो.

बैठकीत काय सांगायचं ते तूच ठरव. "मी येणार नाही" एवढं तीन शब्दांतही सांगता येतं. फार चिडले तर माझं नाव सांग, म्हातारा नादी लागलाय म्हण. पद गेलं तर दुपारी ये, तुझी काकू थालीपीठं लावणारच आहे.

पुस्तक उद्या सकाळी दहाच्या आत येऊन ने. नंतर मी दवाखान्यात जाणार आहे, गुडघा परत बोलतोय.

तुझा
काका