‘दुःखसहन’मधला ‘सह्’

गुड फ्रायडेच्या उपासनेत ‘येशूचे दुःखसहन’ असे म्हणतात. त्याऐवजी सुटसुटीत ‘भोग’ का म्हणू नये, अशी एका वाचकाची पृच्छा आहे. म्हणू नये, कारण मराठीत भोग कर्माचे असतात. जन्मांध माणसाला पाहून ‘पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान, अध्याय 9). ‘भोग’ म्हटले की नाकारलेला तोच हिशेब पुन्हा मांडला जातो.

रूढ अर्थ सांगत बसत नाही. खरी गंमत ‘सह्’ ह्या धातूत आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘षह मर्षणे’ (‘सह्’ तिथे ‘षह’ असा लिहितात), म्हणजे सोसणे, असे दिले आहे आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. ऋग्वेदात मात्र ‘सह्’ म्हणजे पराभूत करणे, वरचढ ठरणे. ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि म्हणून अग्नी हा ‘सहसः सूनुः’, बळाचा पुत्र. ‘साहस’ त्याच कुळातले (स्मृतिग्रंथांत, म्हणजे जुन्या धर्मशास्त्रांत, तर तो दांडगाईच्या गुन्ह्यांचा वर्ग आहे!). उलट येशूच्या ह्याच दुःखसहनाला लॅटिनमध्ये ‘पासिओ’ म्हणतात, आणि त्याच्या मुळापासून ‘पेशंट’ आणि ‘पॅसिव्ह’ निघाले. तिथे माणूस आपल्यावर जे गुदरेल ते झेलतो. ‘दुःखसहन’ हे ‘पासिओ’चे केवळ भाषांतर आहे, असे ठासून सांगणाऱ्या पंडितांनी वेदाचे पान उलटण्याची तसदी घेतलेली दिसत नाही. माझ्या मते मराठी शब्द लॅटिनहून सरस आहे, कारण त्यात दुःखाला पुरून उरणे आहे. क्लेश, उपासमार, तलवार अशी यादी देऊन ‘ह्या सर्वांत आपण महाविजयी ठरतो’ असे रोमकरांस लिहिणाऱ्या पौलाला तो नक्कीच पटला असता.

म्हणूनच नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, सहन कर’ असे सांगणारे उपदेशक ऐकले की डोके फिरते. येशूने ज्या क्रूसाबद्दल सांगितले तो त्याच्यामागे जाण्यासाठी स्वतः उचलायचा आहे, दुसऱ्याने पाठीवर लादायचा नाही. आणि खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत ‘हा प्याला’, म्हणजे हे दुःख, ‘टळो’ अशी प्रार्थना आधी केली. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना पंडिता रमाबाईंनी सोसण्याचा उपदेश केला नाही. त्यांना तिथून आणले आणि केडगावच्या मुक्ती सदनात अन्न, अक्षरे आणि हाताला काम दिले.