सिगारेट माझी, छाती माझी. सरकारचं काय जातं?

(वाचकांच्या प्रश्नांना या सदरात एक निवृत्त छातीविकारतज्ज्ञ उत्तरं देतात. धूम्रपानावरच्या कायद्यांबद्दल आलेली पत्रं यावेळी निवडली आहेत. पत्रं संक्षिप्त करून छापली आहेत.)

प्रश्न : डॉक्टर, वय चोपन्न. पंचविशीपासून ओढतो. धोके ठाऊक आहेत, पाकिटावरचं ते किळसवाणं चित्र रोज बघतो, तरी ओढतो, कारण मला आवडते. कॉलेजात जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ वाचला होता : स्वतःच्या शरीरावर आणि मनावर माणसाचं स्वतःचंच राज्य. मग कर वाढवा, जाहिराती बंद करा, पाकिटावर सडलेली फुप्फुसं छापा, हे सगळं कुठल्या हक्कानं? आज सिगारेट, उद्या साखर, परवा मीठ. सरकारनं माझी आई होण्याचं कारण काय? उपदेश नको, उत्तर हवं.

उत्तर : उपदेश माझ्याकडे शिल्लकच नाही. ओपीडीत होता नव्हता तेवढा वाटून संपला.

तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, ते आधी सांगून टाकतो. सज्ञान माणूस स्वतःच्या घरात एकटा बसून काय ओढतो, त्यात पोलिसानं नाक खुपसू नये. भूताननं ते करून पाहिलं. २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली, २०१० मध्ये आणखी कडक कायदा आणला, आणि २०११ मध्ये एका तरुण भिक्खूला तीन वर्षांची कैद झाली. का, तर त्याच्याजवळ चघळायच्या तंबाखूच्या पुड्या सापडल्या. चोरटा माल सीमेवरून येतच राहिला. शेवटी कोरोनाच्या काळात, या चोरट्या ये-जा करणाऱ्यांबरोबर रोगही आत येईल, या भीतीनं सरकारनंच विक्री पुन्हा खुली केली. असला कायदा मला नको. तुम्हालाही नको. इथपर्यंत आपण एकत्र आहोत.

पण मिलला साक्षीला बोलावलंत, तर उलटतपासणी होणार. १८५९ मध्ये ज्या पुस्तकात त्यानं हे मांडलं, त्यातच विषविक्रीचं उदाहरण आहे. तो म्हणतो, विष विकू द्या, पण बाटलीवर धोक्याची सूचना लिहायला लावा. त्यात कुणाचं स्वातंत्र्य जात नाही, कारण आपण घेतलेली वस्तू विषारी आहे हे आपल्याला कळू नये, अशी इच्छा कुठलाच गिऱ्हाईक धरू शकत नाही. म्हणजे तुमच्या पाकिटावरच्या सूचनेला मिलची सही आहे. चित्र किती किळसवाणं असावं, याबद्दल तो काही बोललेला नाही. तिथं भांडायला तुम्हाला जागा आहे. कराबद्दल तो जरा सावध आहे. वस्तू लोकांना परवडूच नये एवढ्यासाठी कर लावणं त्याला पटत नाही. मात्र सरकारला कर कुठं ना कुठं लावायचाच आहे, तर ज्या वस्तूवाचून माणसाचं अडत नाही आणि जी फार घेतली की अपायच होतो, तिच्यावर आधी लावावा, असं तोच सांगतो. त्याची सगळी मांडणी सज्ञान माणसांपुरती आहे, मुलांना त्यानं स्पष्ट वगळलंय. आणि स्वतःला गुलाम म्हणून विकून टाकण्याचं स्वातंत्र्य तर तो कुणालाच देत नाही.

आता एक प्रश्न माझा. सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट पेटेपर्यंत किती वेळ जातो? हा प्रश्न मी प्रत्येक ओढणाऱ्याला विचारत असे. किती ओढता, याचं उत्तर लोक कमी करून सांगतात. याचं मात्र बहुधा खरं देतात, कारण त्यात काय दडलंय ते त्यांना माहीत नसतं. पाच मिनिटांच्या आत पेटत असेल, तर आवडीचा प्रश्न केव्हाच मागे पडलेला असतो. रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं आणि शरीर ते मागत असतं. झुरका घेतल्यावर निकोटिन मेंदूपर्यंत जायला काही सेकंद पुरतात. शिरेतून टोचलं तरी याहून लवकर पोचत नाही.

हे कंपन्यांना आपल्या कितीतरी आधी ठाऊक होतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या वकिलानं १९६३ मध्येच अंतर्गत टिपणात लिहून ठेवलं होतं की निकोटिन व्यसन लावतं आणि आपला धंदा ते विकण्याचाच आहे. त्यानंतर ३१ वर्षांनी, एप्रिल १९९४ मध्ये, सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं, की निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. तुम्ही ओढायला लागलात तेव्हा तुमच्यासमोर ही माहिती नव्हती, होता तो जाहिरातीतला रुबाबदार घोडेस्वार. त्याला तुम्ही स्वतंत्र निवड म्हणणार असाल तर म्हणा.

‘लाइट’ सिगारेट कधी ओढली असेल, तर आणखी एक बघा. फिल्टरभोवतीचा कागद सोडवून उजेडासमोर धरा. बारीक छिद्रांची एक रांग दिसेल. मोजणीच्या यंत्रात सिगारेट लावली की या छिद्रांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि टारचा, म्हणजे धुरातल्या डांबरासारख्या चिकट घाणीचा, आकडा कमी भरतो. यंत्राला बोटं नसतात. माणूस नेमक्या त्याच जागी बोटांनी किंवा ओठांनी सिगारेट धरतो, छिद्रं बुजतात, वर तो झुरकेही खोल घेतो. तो हलका आकडा यंत्राच्या नशिबी, तुमच्या छातीत पूर्वीइतकंच. माझ्याकडे किती जण ‘मी आता लाइटवर आलोय डॉक्टर’ असं समाधानानं सांगत! ‘लाइट’, ‘माइल्ड’ असले शब्द पाकिटावर छापायला युरोपीय संघानं २००३ पासून आणि अमेरिकेनं २०१० पासून मनाई केली. यात तुमचं कुठलं स्वातंत्र्य गेलं? गेली ती विकणाऱ्याची सोय.

माझी कसोटी एवढीच आहे : नियमाचा हात कुणाच्या मानगुटीवर पडतो, विकणाऱ्याच्या की ओढणाऱ्याच्या? जाहिरातबंदी, सूचना, अल्पवयीनांना विक्री बंद, हे सगळे विकणाऱ्यावर. कराचा हात दोघांवर पडतो आणि गरिबावर जड पडतो, हे खरं आहे. पण किंमत वाढली की सर्वांत आधी सोडतात ते गरीब आणि तरुणच. किंमत दहा टक्के वाढली तर श्रीमंत देशांत खप साधारण चार टक्के उतरतो, गरीब देशांत त्याहून थोडा जास्त. मात्र करातून आलेला पैसा सिगारेट सोडवण्याच्या उपचारांवर खर्च होत नसेल, तर तुमच्या रागात मीही सहभागी आहे.

राहिली साखर. एक झालं की दुसरं आपोआप होतं, असं घडलेलं नाही. डेन्मार्कनं २०११ मध्ये स्निग्ध पदार्थांवर कर लावला आणि २०१३ उजाडताच काढूनही टाकला. न्यूयॉर्क शहरानं गोड पेयांच्या मोठ्या पेल्यांवर घातलेली बंदी २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं कायमची मोडीत काढली. लोक भांडले म्हणून हे झालं. तुम्हीही भांडा, फक्त प्रत्येक वस्तूसाठी वेगळं भांडा.

प्रश्न : आमच्या घरात सासरे बैठकीच्या खोलीत ओढतात. मुलाला दमा आहे. ऑफिसात, हॉटेलात, बसमध्ये कायदा आहे, मग घरात का नाही? माझ्या मुलाची छाती ऑफिसातल्या माणसापेक्षा स्वस्त आहे का?

उत्तर : नाही, उलट जास्त नाजूक आहे. तुमचा प्रश्न वरच्या पत्रलेखकानं जरूर वाचावा.

१९८१ मध्ये हिरायामा या जपानी संशोधकानं स्वतः कधीही न ओढलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. कंपन्यांनी त्यावर बरीच धूळ उडवली, पण पुढच्या अभ्यासांनीही तेच दाखवलं. सार्वजनिक जागांमधले कायदे याच पायावर उभे आहेत. मार्च २००४ मध्ये आयर्लंडनं पबसकट कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत धूम्रपान बंद केलं, ते गिऱ्हाइकांना सुधारायला नव्हे. पेले भरणाऱ्या नोकराला आठ तास तो धूर घ्यावा लागत होता, म्हणून. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर सार्वजनिक जागांत मनाई केली, ती न ओढणाऱ्यांच्या जिवाच्या हक्कावर बोट ठेवून.

घरात कायदा आणावा, असं मात्र मला वाटत नाही. तो राबवायचा तर कुणीतरी घरात डोकावलं पाहिजे, नाहीतर सुनेनं सासऱ्याविरुद्ध तक्रार गुदरली पाहिजे. मोटारीपुरतं वेगळं. इंग्लंडनं २०१५ पासून, गाडीत अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर ओढायला बंदी केली आहे, आणि मला ती पटते. बंद काचांची एवढीशी जागा, आणि मुलाला उतरून जाता येत नाही.

तुमच्याकडे कायद्याचं काम डॉक्टरकडून करून घ्या. मुलाच्या पुढच्या तपासणीला सासऱ्यांनाच बरोबर न्या. डॉक्टरांना आधी कल्पना द्या आणि ‘घरात कुणी ओढतं का?’ हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारायला सांगा. सून बोलली की मानापमान होतो. नातवाच्या छातीला नळी लावून डॉक्टर बोलले, तर बहुतेक आजोबा गॅलरी सोडून थेट खाली रस्त्यावर जातात. आणि खिडकी उघडून, पंखा लावून भागत नाही. धूर पडद्यांत, गादीत, कपड्यांत मुरतो.

प्रश्न : विमानात धूम्रपानाला सक्त बंदी, मग स्वच्छतागृहाच्या दारावर ॲश-ट्रे कशाला?

उत्तर : छान प्रश्न. नव्या कोऱ्या विमानातही तो असतो, आणि निखळला असेल तर तो वेळेत बसवणं विमानकंपनीवर बंधनकारक असतं. जुलै १९७३ मध्ये ब्राझीलच्या वरिग कंपनीचं विमान पॅरिसजवळ उतरता उतरता शेतात कोसळलं. मागच्या स्वच्छतागृहातून लागलेल्या आगीचा धूर आत कोंडला होता. १२३ माणसं गेली. कचऱ्याच्या पेटीत टाकलेलं थोटूक, हा संशय सर्वांत बळकट होता. बंदी असली तरी कुणीतरी चोरून ओढणारच, आणि घाबरून थोटूक कागदांत टाकणार, हे नियम लिहिणाऱ्यानं गृहीत धरलंय. माणूस ओळखून लिहिलेले नियम मला फार आवडतात. असे थोडेच असतात.

प्रश्न : आमच्या कंपनीनं धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीवर न घेण्याचं ठरवलंय. मी मनुष्यबळ विभागात आहे. विम्याचा खर्च वाचेल, असं वरिष्ठ म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ च्या अखेरीपासून स्वतःच्या भरतीत हेच धोरण ठेवलंय, हे ठाऊक असून सांगतो. त्या संघटनेनं ते तत्त्वासाठी केलं, म्हणून समजू शकतो. पण विम्याच्या हिशेबासाठी माणसाची रोजी हिरावणं मला पटत नाही. कार्यालयात ओढू देऊ नका, एवढा हक्क तुम्हाला आहे. संध्याकाळी सहानंतर तो माणूस तुमचा नाही. आणि व्यसन लागलेलं असतं बहुधा विशीच्या आत, त्याची शिक्षा चाळिशीत?

हिशेबाच्या वाटेला गेलात, तर तो कुठं नेतो तेही बघा. २००१ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं चेक प्रजासत्ताकासाठी एक अहवाल करून घेतला. ओढणारे लवकर मरतात, त्यामुळे निवृत्तिवेतन आणि म्हातारपणीच्या उपचारांचा खर्च वाचतो, सबब सरकारला धूम्रपानातून फायदाच आहे, असा त्याचा निष्कर्ष. गदारोळ झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. माणूस जगला तर किती, मेला तर किती, या भाषेत एकदा बोलायला लागलं, की त्या बैठकीत कंपनीचा माणूसही खुर्ची ओढून बसतो. वरिष्ठांना त्यापेक्षा असं सुचवा, की ज्यांना सोडायची आहे त्यांच्या औषधांचा आणि समुपदेशनाचा खर्च कंपनीनं उचलावा.

प्रश्न : वय एकसष्ट. कायदे वगैरे राहू द्या. आता सोडून काही उपयोग आहे का, की उगाच जिवाला त्रास?

उत्तर : आहे. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ५० वर्षं डॉक्टरांचाच मागोवा घेतला. कायम ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीला सोडणाऱ्यांनी त्यातली साधारण तीन परत मिळवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी सहा.

नुसत्या निर्धारावर जाऊ नका, बहुतेकांचा तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढासळतो. त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आणि वर लागेल तसा निकोटिनचाच च्युइंगगम, अशी जोडी एकेकट्यापेक्षा चांगली चालते. व्हॅरेनिक्लिन ही तलफ कमी करणारी गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळते. ती घेणार असाल, तर सोडण्याची तारीख आधी ठरवा आणि गोळी त्याच्या आठवडाभर आधी सुरू करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा बदलावी लागते. आणि त्यांच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असेल, तर पहिल्याच दिवशी त्यात फुंकून आकडा वहीत लिहून ठेवा. दोन दिवस न ओढता पुन्हा फुंका. तो आकडा न ओढणाऱ्या माणसाइतका खाली आलेला असेल.