वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपची मजबुती सांध्यांत बघा

प्रश्न : ऑफिसचा माझा जुना लॅपटॉप जाडजूड, प्लास्टिकचा होता, पण वर्षानुवर्षं निमूट चालला. त्यानंतरचा पातळ लॅपटॉप तिसऱ्याच वर्षी उजव्या बिजागरीपाशी उकलला. आता आमच्या कार्यालयासाठी नवे घ्यायचे आहेत. पूर्ण धातूच्या बॉडीचेच घ्यावेत का? की हल्ली सगळ्यांचाच दर्जा घसरलाय?

उत्तर : सरसकट घसरलाय असं मी म्हणणार नाही. फिरणारी हार्ड डिस्क जाऊन एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आली, त्यामुळे चालू लॅपटॉप आपटला तरी डेटा जाण्याची जुनी भीती पुष्कळ कमी झाली. हा फायदा मोठा आहे. पण तुमच्या बिजागरीचं दुखणं खरं आहे आणि ते नीट समजून घेतलंत तर खरेदीचे निम्मे प्रश्न सुटतील.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या अशा लॅपटॉपमध्ये बिजागरी स्वतः बहुतेक वेळा ठणठणीत असते. मोडलेलं असतं ते तिच्याखालचं प्लास्टिक. कव्हरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या बुटक्या खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीत एक छोटा पितळी नट गरम करून दाबून बसवलेला असतो आणि बिजागरीचे स्क्रू त्या नटांत आवळलेले असतात. बिजागरी जुनी होऊन कडक झाली की झाकण उघडताना लागणारा सगळा जोर या नटांवर येतो. मग एके दिवशी नट प्लास्टिकचा लचका तोडूनच बाहेर येतो. खालचं कव्हर काढलं की स्क्रूच्या टोकाला अडकून राहिलेला नट आणि त्याच्या खाचांत रुतलेला काळा चुरा दिसतो. तिथे इपॉक्सी नावाचा कडक होणारा गोंद भरून देणारे आहेत, पण ती डागडुजी किती टिकेल हे सांगता येत नाही. कव्हर बदलणं हाच पक्का उपाय. त्याआधी लॅपटॉप सूचना देत असतो : उघडताना करकर वाजतं, बंद केल्यावर एका कोपऱ्यात नखाएवढी फट राहते. त्याच वेळी आणलात तर बऱ्याच बिजागऱ्यांचा ताण सैल करून देता येतो. आणि झाकण नेहमी मधोमध धरून उघडा. कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूवर पडतो.

आता धातूबद्दल. ॲल्युमिनियम दिसतं छान, हाताला थंड लागतं, पण पोचा पडला की कायमचा. कोपऱ्यावर पडलेला पोचा आत स्क्रीनच्या काचेवर दाब देत राहतो आणि तडा जातो. काचतंतू मिसळलेलं चांगलं प्लास्टिक दबतं आणि परत जागेवर येतं. मॅग्नेशियमचा मिश्रधातू हलका असतो (घन सेंटिमीटरला साधारण १.८ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७) आणि ताठही. बरेचदा त्यावर रंग दिलेला असल्यामुळे लोक त्याला प्लास्टिक समजून नाकं मुरडतात. लेनोवोच्या २००६ सालच्या थिंकपॅड टी६०मध्ये बाहेर प्लास्टिक आणि आत मॅग्नेशियमचा सांगाडा होता. तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या पोटातही असंच काहीतरी असेल, तर त्याच्या दीर्घायुष्याचं नवल नाही. म्हणून बॉडी कशाची हे दुय्यम समजा. बिजागरीचे स्क्रू धातूत आवळलेत की नुसत्या प्लास्टिकात, हे आधी विचारा.

दुसरा सांधा चार्जिंग पोर्टचा. पूर्वी गोल पिनचा पोर्ट आखूड वायरीवर लटकलेला असायचा. गेला तर तेवढाच बदलायचा. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये यूएसबी-सी पोर्ट थेट मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेला असतो. केबल लावलेली असताना लॅपटॉप उचलला, मांडीवर तिरका ठेवला, की तो जोर मदरबोर्डपर्यंत जातो. काही उत्पादक हा पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर देतात. दोन मॉडेलांत निवड अडली असेल तर मी डोळे मिटून असा वेगळा बोर्ड असलेलं घ्यायला सांगेन.

हे कळायचं कसं? लेनोवो, डेल, एचपी आपल्या बिझनेस मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल सर्वांसाठी खुली ठेवतात. खरेदीआधी ती उतरवून घ्या आणि कीबोर्ड बदलण्याचं प्रकरण वाचा. दोन-चार स्क्रू काढून कीबोर्ड सुटत असेल तर उत्तम. आधी बॅटरी, मग मदरबोर्ड, मग पंखा असं सगळं पोट रिकामं करायला सांगितलं असेल, किंवा कीबोर्ड वरच्या कव्हरलाच कायमचा जोडलेला असेल, तर ग्लासभर पाणी सांडल्यावर काय काय बदलावं लागेल ते आत्ताच कळेल.

पातळपणासाठी आपण नेमकं काय दिलं, तेही सांगतो. २०१८च्या थिंकपॅड टी४८०ची मागची बॅटरी लॅपटॉप चालू असताना बदलता यायची. २०१९च्या टी४९०मध्ये ती गेली, आणि दोनपैकी एक रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी) बोर्डवर सोल्डर झाली. रॅम सोल्डर करायला कधीकधी तांत्रिक कारणही असतं : कमी वीज खाणाऱ्या एलपीडीडीआर प्रकारच्या रॅमला प्रोसेसरच्या अगदी जवळ बसावं लागतं. पण ती बिघडली की मदरबोर्डच बदलायचा, ही किंमत मला पटत नाही. सुदैवाने वारं थोडं फिरतंय. २०२४च्या टी१४ जेन ५मध्ये रॅमचे दोन्ही स्लॉट परत आले आणि दुरुस्तीच्या मार्गदर्शिका देणाऱ्या आयफिक्सइटने त्याला दुरुस्तीसाठी १०पैकी ९ गुण दिले. त्याच वर्षी पी१ जेन ७मध्ये एलपीकॅम२ नावाचं स्क्रूने बसणारं रॅम मॉड्यूल आलं, म्हणजे कमी विजेची रॅमही बदलता येते. ग्राहक मागतात तेव्हा कंपन्या देतात. तुम्ही अनेक नग घेणार आहात, तेव्हा विक्रेत्याला हे प्रश्न लेखी विचारा.

प्रश्न : खोक्यावर ‘लष्करी मानकानुसार चाचणी’ असं छापलेलं असतं. त्यावर कितपत भरवसा ठेवावा?

उत्तर : थोडाच. मिल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धतींची पुस्तिका आहे. २००८ची ‘जी’ आणि २०१९ची ‘एच’ या आवृत्त्यांची नावं तुम्हाला खोक्यावर दिसतील. लष्कर कोणत्याही लॅपटॉपला तपासून शिक्का देत नाही. यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या, किती कडक करायच्या, हे उत्पादक ठरवतो. पडण्याची चाचणी घ्या : सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे अशा २६ आपट्या असतात आणि त्या पाच नगांत वाटून घ्यायची मुभा असते. तुमचा लॅपटॉप मात्र एकच असतो. तरीही चाचणी न केलेल्यापेक्षा केलेला बरा. उंची किती होती, लॅपटॉप तेव्हा चालू होता की बंद, हे कंपनी सांगत असेल तर त्या दाव्याला वजन आहे. उन्हापावसात, धुळीत काम असेल तर पॅनासॉनिकच्या टफबुकसारखे मुळातच त्यासाठी घडवलेले लॅपटॉप घ्यावेत.

प्रश्न : माझा टचपॅड दाबायला जड झालाय आणि टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. टचपॅड बदलावा का?

उत्तर : टचपॅडला हात लावू नका. बहुधा खालची बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि लवकरात लवकर बॅटरी बदलून घ्या. दिवसभर चार्जरवरच काम असेल तर नव्या बॅटरीची चार्जिंग मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. बहुतेक बिझनेस लॅपटॉपमध्ये ही सोय असते. पूर्ण भरलेली बॅटरी सतत गरम राहणं हेच तिचं आयुष्य खातं. जाता जाता एक चांगली बातमी : युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. काही अपवाद आहेत, पण रचनेवर त्याचा परिणाम होईल अशी मला आशा आहे.

प्रश्न : वापरलेला टी४८० मिळतोय. घेऊ का?

उत्तर : घ्या, पण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असल्याची खात्री करा, तो विंडोज ११ला चालतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून त्याहून जुना टाळा. घेताच थंडरबोल्टचं (वेगवान यूएसबी-सी पोर्टचं) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. त्या काळातल्या मॉडेलांत जुन्या फर्मवेअरमुळे यूएसबी-सी पोर्ट बंद पडायचा आणि लेनोवोने त्यावर अपडेट दिलेलं आहे. विकणाऱ्यासमोरच दोन्ही यूएसबी-सी पोर्टवर चार्जिंग होतं का बघा, आणि झाकण सावकाश उघडून सांध्याला कान लावा.