टीवायबीएला मानसशास्त्राचा प्रोजेक्ट आहे, सर म्हणतात ‘विषय आणा’. सुरुवात कुठून करू?

एक विषय आधीच बाद करा : मोबाइलचा वापर आणि आत्मसन्मान, मुलं विरुद्ध मुली. आमच्या वर्गात निम्म्यांनी तोच घेतला आणि एकाच कँटीनमध्ये एकमेकांचे फॉर्म भरले.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आई विड्या वळायची. म्हणून मी विषय नेला, घरी विड्या वळणाऱ्या बायकांचा ताण. सर हसले. म्हणाले, “त्यांना कसला ताण? सवय असते त्यांना.” मी हट्टाने तोच घेतला.

कोहेनची ताणाची प्रश्नावली घेतली, दहा प्रश्नांची. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. मराठी भाषांतर घेऊन गेले तर पहिल्याच घरी अडले. मांडीवर सूप, हात चालूच. “काय लिवूलालीस गं? अस्वस्थ म्हंजे?” रात्री आईसोबत बसून सगळं तेलुगूत केलं. मग ते तेलुगू वाचून मावसबहिणीकडून पुन्हा मराठी करून घेतलं, मूळ प्रश्न न दाखवता. तिथे तीन प्रश्न भलतेच निघाले. हे काम तुम्हीही कराच, आणि आधी पाच जणींवर करून बघा.

चाळीस जणींचे फॉर्म झाले. अल्फा काढला, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका बरा. तो आला ०.३ च्या आसपास. सरांनी लगेच लिहून टाकलं, ‘अशिक्षित प्रतिसादकांना प्रश्न समजले नाहीत.’ मी दोन दिवस रडले. मग कळलं, त्या दहांत चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा प्रश्न उलटे असतात, ‘अडचणी निभावता येतील असं वाटलं का’ या धर्तीचे. त्यांचे गुण फिरवायचे असतात, ४ चे ०. मी फिरवलेच नव्हते! फिरवल्यावर ०.७ च्या वर गेला. चूक माझी, खापर बायकांवर. सरांना दाखवलं, ते “हं” म्हणाले. शेरा तसाच राहिला.

तर, ज्या लोकांच्या घरात तुम्हाला चहा मिळतो त्यांच्यातलाच विषय घ्या. विषय पक्का करण्याआधी मोजायची प्रश्नावली हातात आहे का ते बघा. दोनच चलं, म्हणजे मोजायच्या गोष्टी, ठेवा. संमती आधी घ्या. सही येत नसेल तर वाचून दाखवून अंगठा. अठराच्या आतलं कुणी असेल तर पालकांचीही.

हो, एक राहिलं. माझ्या चाळीसही जणी दोन गल्ल्यांतल्या होत्या, सगळ्या आईच्या ओळखीच्या. त्यावरून सोलापुरातल्या सगळ्या विडी कामगारांबद्दल काही म्हणता येत नाही, हे सरांनी तोंडी परीक्षेत बरोबर पकडलं.

मार्गदर्शक बदलता येत असेल तर आत्ताच बदला, विषय मंजूर झाल्यावर दुसरं कुणी घेत नाही.